मिनिटाला सोळा

१

नानांचे श्वास मोजायचं काम डॉक्टरांनी माझ्याकडे दिलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. आजारी माणसाची सेवा मला कधी नीट जमली नाही. उशी सरळ करायला जावं तर पाणी सांडायचं, पाणी पुसत बसावं तर औषधाची वेळ टळायची. मोजणं मात्र जमत होतं. त्यावरच माझं पोट होतं.

बडोद्यात शेतीसंशोधनाच्या एका कार्यालयात, संख्याशास्त्र विभागात, मी एकवीस वर्षं काढली होती. गावोगावच्या कापसाच्या वाफ्यांचे आकडे आमच्याकडे यायचे. ते चाळायचे आणि मग सरासरी काढायची. चाळायचं म्हणजे मुख्यतः टोकाचा आकडा हुडकायचा. तीस वाफ्यांत आठ-साडेआठ किलो कापूस निघालेला असतो आणि एकाच वाफ्यापुढे लिहिलेलं असतं सत्त्याऐंशी. कुणीतरी दशांशाचा ठिपका विसरलेलं असतं. तो आकडा तसाच ठेवला तर साडेआठाची सरासरी अकरावर जाते, आणि ज्या शेतात एकाही वाफ्यात अकरा किलो निघाले नाहीत तिथे अकरा हेच खरं ठरतं. अशा आकड्याला आम्ही आउटलायर म्हणायचो. मी त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल करून तो बाजूला काढत असे. माझा गोल चुकत नाही, असं विभागात म्हणत.

नाना म्हणजे माझे वडील, लक्ष्मीकांत. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. धाकटी बहीण शैला लग्न होऊन नागपूरला. समा भागातल्या सोसायटीतल्या तीन खोल्यांत आम्ही दोघंच. पंच्याऐंशीच्या दिवाळीत नानांना न्यूमोनिया झाला. त्यातून ते उठले, पण झोप गेली. रात्ररात्र बसून काढायचे. डिसेंबर संपता संपता डॉक्टर भास्करराव अकोटा भागातून स्कूटरवर आले, नानांना तपासलं, आणि मला ओसरीवर बोलावून म्हणाले,

"अहल्याताई, झोपेची गोळी देतोय, पण सांभाळून. छाती कमजोर आहे, आणि या गोळीने श्वास मंदावतो. झोपेतले श्वास रोज दुपारी मोजा. पुरतं एक मिनिट. बाराच्या खाली गेले तर गोळी बंद करायची आणि लगेच मला कळवायचं."

"बाराच्या खाली," मी म्हटलं.

"आणि जवळ जाऊन मोजू नका. आपला श्वास कुणी मोजतंय असं कळलं की माणूस निराळाच घेतो."

मी लगेच जानेवारीअखेरपर्यंत रजा टाकली. एक वही केली. नानांच्या खोलीच्या दाराशी वेताची खुर्ची ठेवली. नाना दुपारी जेवून, भिंतीकडे तोंड करून, कानांपर्यंत रजई ओढून झोपत. दुखण्यापासून त्यांच्या श्वासाला बारीक शिट्टीसारखा आवाज आला होता, त्यामुळे खुर्चीवरूनही तो ऐकू येई. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मध्ये येत होती म्हणून मी त्याचा लंबक धरून थांबवला.

पहिल्या दिवशी सोळा. दुसऱ्या दिवशी सोळा. मग सतरा, सोळा, सोळा.

२

तीन जानेवारीला एकतीस आले.

मी परत मोजले. बत्तीस. मनगटावरचं घड्याळ कानाला लावून पाहिलं, चालू होतं. तिसऱ्यांदा मोजायला बसले तर सोळा.

वहीत मी एकतीस लिहिले आणि त्यावर गोल केला. कारण उघड होतं. घेतलेला श्वास आणि सोडलेला श्वास मी वेगळे मोजले असणार. सोळाचे बत्तीस होतात. दशांशाचा ठिपका विसरण्यासारखीच चूक.

संध्याकाळी चहा देताना मी ते नानांना हसत सांगितलं. नाना संस्थानच्या काळापासून पर्जन्यमापन निरीक्षक होते. नळकांड्यातलं पाणी मोजून नोंदवायचं, एवढंच काम त्यांनी चौतीस वर्षं केलं. माझ्या पेन्सिलीच्या गोलांवरून आमचं नेहमी वाजायचं.

"गोल कशाला केलास?" ते म्हणाले.

"चूक होती म्हणून."

"चूक होती हे कुणी सांगितलं? बाकीच्या आकड्यांनी?"

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. मी पूर्वी अर्धवट ऐकली होती. चोवीस वर्षांचे असताना ते नदीकाठच्या एका ठाण्यावर होते. एका रात्रीत अकरा इंच पाऊस मोजला. तारेने कळवला. वरच्या साहेबांनी पाहिलं की आजूबाजूच्या सगळ्या ठाण्यांवर दीड-दोन इंच आहे. त्यांनी अकरावर काट मारली, आणि शेऱ्यात लिहिलं, निरीक्षक नवखा.

"मग?"

"मग काय. खालच्या गावांना कुणी सांगायला गेलं नाही. पाणी आलं." त्यांनी बशी खाली ठेवली. "साहेब वाईट नव्हता गं. त्याचं गणित बरोबर होतं. तो फक्त बघायला आला नाही."

"नाना, पावसाचं वेगळं. हे मी स्वतः बसून मोजते."

"बरं," ते म्हणाले. "आणि अजून एक उशी दे मला."

त्यांना पाठीला हवी असेल असं समजून मी कपाटातली काढून दिली.

३

पाच तारखेला तीस. सहाला सोळा. सातला तीस, आठला एकोणतीस. वहीत गोल वाढत चालले.

एखादा आकडा टोकाचा आला तर चूक म्हणता येते. चार आले की म्हणता येत नाही. शिकाऊ मुलांना मी शिकवत असे: टोकाचा आकडा दोन कारणांनी येतो. एक तर मोजण्यात चूक झालेली असते. नाही तर तो आकडा तुम्ही मोजत असलेल्या समूहातला नसतोच. दुसऱ्याच कशाचा तरी असतो. कापसात तुरीचा वाफा मिसळला की असं होतं.

आठ तारखेला मी मोजणं सोडून नुसतं ऐकत बसले. दार लोटलेलं, खिडकी बंद, थंडीचे दिवस. बाहेर दूर कुणीतरी पाट्यावर वाटत होतं. ते थांबलं. आणि मग मला ते वेगळे ऐकू आले.

दोन श्वास होते. एक भरदार, संथ, ठरल्या चालीचा. दुसरा बारीक, थोडा मागे राहणारा. कधी दोन्ही जुळत, आणि मग एकच असल्यासारखे वाटत. हळूहळू पुन्हा सुटे होत.

मी माझा श्वास रोखून धरला. दोन्ही चालूच. म्हणजे त्यात माझा नव्हता. भिंतीपलीकडचा शेजार म्हणावा तर त्या भिंतीपलीकडे घर नव्हतं. सोसायटीची मोकळी बोळ होती, आणि तिच्यात भाड्याच्या दोन सायकली. मी वाकून पलंगाखाली पाहिलं. नानांच्या चपला, एक ट्रंक. मांजर नव्हतं. प्रतिध्वनी म्हणावा तर तो पहिल्याच आवाजाचा असायला हवा. हे दोन वेगळ्या चालीचे होते.

मी ते वेगवेगळे मोजले. भरदार सोळा. बारीक तेरा.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते मला लख्ख आठवतं, कारण नंतर मी ते पुन्हा पुन्हा उलटून पाहिलं आहे. भीती आली होती. पण तिच्या आधी, एका क्षणात, डोक्याने आपलं नेहमीचं काम करून टाकलं होतं. नानांची सरासरी सोळा. म्हणून सोळा नानांचे. उरलेले तेरा कुणाचे असतील ते असोत, नानांचे नाहीत.

मी वहीत सोळा लिहिले. खाली तेरा लिहून त्याला गोल केला.

शिट्टीचा आवाज कुठल्या श्वासाला आहे, हे मी ऐकलं नाही. ऐकू येण्यासारखं होतं. पण ठरून गेल्यावर कोण ऐकतं?

४

दहा तारखेला मी खुर्चीवर बसले होते. नाना झोपले आहेत असं मला वाटत होतं. सोळा आणि बारा मोजून झाले. मी पेन्सील उचलली.

"अहल्या," भिंतीकडे तोंड असलेल्या नानांचा आवाज आला. "तू मोजतेस ते कुणाचे?"

मी पेन्सील खाली ठेवली.

"तुमचे, नाना."

ते म्हणाले, "बरं, बरं," लहानपणी माझा पाढा चुकल्यावर म्हणायचे तसं, समजुतीने. आणि पुन्हा झोपले. गोळीचा अंमल होता.

पलंग मोठा, दोघांचा. आई गेल्यावर नाना ऐसपैस मधोमध झोपत. आता पाहिलं तर ते अगदी बाहेरच्या कडेला आले होते, एक पाऊल पलंगाबाहेर लोंबत होतं. भिंतीच्या बाजूला रजई उंच दिसत होती. तिथे ती जास्तीची उशी असणार.

खुर्चीपासून पलंग चार पावलं. मी उठून जायला हवं होतं. रजई उचलायची, नानांच्या पाठीवर हात ठेवायचा. दहा सेकंदांचं काम होतं. जवळ जाऊन मोजू नका असं डॉक्टरांनी सांगितलंय, हे मी स्वतःला सांगितलं. खरी गोष्ट अशी की त्या बाजूला हात न्यायची माझी छाती झाली नाही.

मी लोंबणाऱ्या पावलावर लांबूनच रजईचं टोक टाकलं आणि बाहेर आले.

५

बारा तारखेला रविवार होता. डॉक्टर भास्करराव अकराच्या सुमाराला आले. नाना उशीला टेकून जागे बसले होते. डॉक्टरांनी छाती तपासली, नाडी पाहिली, जीभ पाहिली.

"लक्ष्मीकांतराव, झोप कशी काय?"

"गाढ," नाना म्हणाले. "उलट डोळे उघडायला वेळ लागतो."

डॉक्टर ओसरीवर आले. पिशवी बंद करता करता थांबले. "थोडे सुस्त वाटतात मला. जागेपणी ठीक आहे. झोपेत किती पडतात?"

वही माझ्या हातात होती. त्यात आदल्या दिवशीचे दोन आकडे होते. सोळा, आणि गोलातले अकरा.

मी काय सांगणार होते? खोलीत दोघं श्वास घेतात म्हणून? आधी मला तपासलं असतं. आणि दुसरंही एक होतं. तो बारीक श्वास रोज कमी होत होता. तेरा, बारा, अकरा. मला त्यात सुटका दिसत होती. जे कोण आलं होतं ते जात होतं. आणखी चार-सहा दिवस, की मग खोलीत फक्त नाना उरतील.

"सोळा," मी म्हटलं. "रोज सोळा."

"एकदाही कमी नाही?"

"नाही."

"मग उत्तम. गोळी चालू ठेवू."

स्कूटर सुरू करताना ते म्हणाले, "तुमच्यासारखं मोजणारं माणूस घरात असलं की आम्हाला निम्मं काम."

त्या दुपारी नाना पलीकडे कुणाशी तरी काही बोलले. मला शब्द कळले नाहीत. आवाज मऊ होता. उत्तर आलं नाही. किंवा आलं असेल तर ते त्या भरदार श्वासाच्या चालीत मिसळून गेलं. मी मोजले. सोळा आणि दहा.

सोमवारी सोळा आणि नऊ. मोजताना मी स्वतःशी चक्क हसले होते.

६

मंगळवारी उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत. त्या दिवशी बडोद्यात घरात कुणी राहत नाही. सगळं गाव अगाशीवर, म्हणजे गच्चीवर असतं. सकाळी सातपासून लाउडस्पीकर, पिपाण्या, थाळ्या. आमच्या छपरावर शेजारची पोरं धावत होती आणि छतातून माती पडत होती. दर दोन मिनिटांनी कुणाचा तरी पतंग कटे आणि आरोळी उठे, "काप्यो छे!"

सकाळी आठला मी नानांना दूध दिलं. त्यांनी दोन घोट घेतले.

"खिडकी उघड," ते म्हणाले. "पतंग दिसतील."

"गार वारा आहे, नाना."

"असू दे. तिकडे भिंतीकडून काही दिसत नाही."

ते स्वतःबद्दल बोलत होते असंच मी धरलं. खिडकी वीतभर उघडली. एक तांबडा पतंग विजेच्या तारेला अडकून फडफडत होता. नानांनी तो थोडा वेळ पाहिला. मग कूस बदलून भिंतीकडे वळले. मी सकाळची गोळी दिली होती. रात्रीची एक आणि सकाळची अर्धी, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं.

त्या गोंगाटात श्वास ऐकू येणं शक्यच नव्हतं. दहाला डोकावले, अकराला डोकावले, रजई तशीच. शेजारच्या विमलाबेन उंधियुच्या भाजीचा डबा घेऊन आल्या. "काकाने केम छे?" त्यांनी विचारलं.

"सुता छे," मी म्हटलं. झोपलेत.

"सुवा दो. आजे तो ऊंघ आवे ए ज नसीब," आज झोप लागणं हेच नशीब, असं म्हणून त्या हसत अगाशीवर गेल्या.

दुपारी एकच्या सुमाराला सगळे जेवायला खाली उतरले. लाउडस्पीकर बंद झाला. पोरांचे पाय थांबले. सोसायटी अशी अचानक निवांत झाली की माझ्या कानांत किणकिणलं. मी घाईने खुर्चीवर बसले, घड्याळ हातात धरलं.

एकच श्वास होता.

मी पूर्ण मिनिट मोजलं. सोळा. दुसरं मिनिट, सोळा. बारीक श्वास नव्हता. मी कान देऊन त्याची वाट पाहिली. मागे राहणारा, दबका, तो कुठेच नव्हता. उरला होता तो भरदार, सरळ, निरोगी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आठवड्याभरात पहिल्यांदा मी वहीत एकच आकडा लिहिला, ज्याला गोल करायची गरज नव्हती.

मी विमलाबेनकडे गेले आणि त्यांच्या फोनवरून डॉक्टरांना फोन केला. सण होता, तरी राहवलं नाही.

"डॉक्टर, सोळा. अगदी स्वच्छ."

"वा," ते म्हणाले. मागे त्यांच्या घरातली माणसं हसत होती. "त्यांना तिळगूळ द्या माझ्याकडून."

७

मी आल्याचा चहा केला. बशीत एक तिळाचा लाडू ठेवला. सण म्हणून नानांचा नवा सदराही हातावर घेतला. खोलीत गेले. खुर्ची ओलांडली. किती दिवसांनी मी ती चार पावलं चालले होते!

"नाना, उठता का? पतंग चाललेत बाहेर."

श्वास चालू होता. मी कप तिपाईवर ठेवला आणि रजईवरून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

खांदा हलत नव्हता.

श्वास चालू होता आणि खांदा हलत नव्हता. मी मान वाकवून त्यांचा चेहरा पाहिला. डोळे अर्धवट मिटलेले. ओठ निळसर. मी त्यांच्या गालाला हात लावला आणि तो हात मला परत घेता येईना. गाल खिडकीच्या गजासारखा गार होता. सकाळचं दूध ओठांच्या कोपऱ्यात वाळलं होतं.

आणि माझ्या कानाशी, अगदी हाताच्या अंतरावर, कुणीतरी श्वास घेत होतं. सोडत होतं. घेत होतं.

मी रजई ओढली. नाना पलंगाच्या कडेला, कुशीवर. डावा हात भिंतीकडे लांब केलेला, कोपरात किंचित वाकलेला, कुणाच्या तरी मानेखाली द्यावा तसा. तो हात रिकाम्या गादीवर होता. त्यापलीकडे दुसरी उशी. उशीच्या मधोमध खळगा होता. मी पाहत असताना तो खळगा हळूच एका बाजूने खोल झाला, झोपेतलं माणूस डोकं वळवतं तसा. नानांची बोटं थोडी उचलली गेली आणि पुन्हा खाली आली.

वर अगाशीवर पोरं परत आली होती. धावत आली. थाळी वाजली आणि मग सगळं त्या आवाजात बुडालं.

८

डॉक्टर पतंगाच्या मांज्याने चिरलेलं बोट बांधून आले. नानांना पाहिलं. मग मला बाहेर बसवलं.

"तुम्ही एक वाजता फोन केलात."

"हो."

"तेव्हा यांना जाऊन चार तास तरी झाले होते, अहल्याताई. सकाळी नऊच्या आसपास."

मी वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी पहिल्या पानापासून पाहिली. बोट एकेका ओळीवरून सरकत गेलं आणि आठ तारखेला थांबलं.

"हे गोलातले कुणाचे? तेरा, बारा, अकरा."

त्यांनी पान उलटलं.

"दहा. नऊ." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "नऊ लिहिलंय तुम्ही इथे. तुमच्याच अक्षरात आहे."

"मला वाटलं ते नानांचे नाहीत."

त्यांनी वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली. "दोन्ही सांगायचे होते मला," ते म्हणाले. "कुठले खरे ते मी बघितलं असतं."

याहून जास्त ते कधीच बोलले नाहीत. शैलालाही त्यांनी काही सांगितलं नाही. ती तिसऱ्या दिवशी आली, माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "ताई, तू होतीस म्हणून. झोपेत गेले, त्रास नाही झाला." माझ्या पाठीवरून ती हात फिरवत राहिली. मी तिला तसंच मानू दिलं. तेरावा झाला. गादी, रजई, दोन्ही उशा देऊन टाकल्या. पलंग तेवढा राहिला, उघड्या फळ्यांचा. शैला म्हणाली, "नागपूरला चल." मी म्हटलं, "नंतर येईन." ती गेली.

फेब्रुवारीत मी कामावर रुजू झाले. सकाळी जायचे, दुपारी लूनावर घरी जेवायला यायचे. पहिले काही दिवस त्या खोलीचं दार बंद होतं. एका दुपारी उघडलं. खुर्ची तिथेच होती. मी बसले.

सोळा. उघड्या फळ्यांवरून, भिंतीच्या बाजूने.

मी कुणाला सांगितलं नाही. कोण आहे, कधीपासून आहे, काय हवंय, असं कधी विचारलंही नाही. मला विचारायचा हक्क आहे असं वाटत नव्हतं. माझे वडील जात होते तेव्हा त्यांच्या बाजूला ते होतं. मी खुर्चीवर होते. मी रोज येऊन बसत होते, एवढंच. मोजून झालं की उठत होते. वही मात्र पुन्हा उघडली नाही.

होळी झाली. उन्हं तापली. मार्चच्या शेवटी एका दुपारी पंधरा आले. मी दोनदा मोजले. दुसऱ्या दिवशी चौदा. त्यानंतरच्या आठवड्यात तेरा, आणि पुढे एक दिवस बारा. आवाज बारीक झाला होता. मध्येच अडखळायचा, आणि मग मी खुर्चीच्या काठाला धरून पुढच्याची वाट पाहायची.

काल अकरा आले.

बोलावणार कुणाला? त्या खोलीत येऊन, त्या फळ्यांना कान लावून, कुठला डॉक्टर काय सांगणार होता? मी थोडा वेळ तशीच बसले. बाहेर बर्फवाल्याची घंटा वाजत गेली. मग मी माझ्या खोलीत गेले, माझ्या अंथरुणावरची आईच्या लुगड्यांची गोधडी उचलली आणि परत आले. फळ्यांवर, भिंतीच्या बाजूला, ती उलगडली. कुणाला उठवायचं नसतं तेव्हा जशी घालतात, तशी हळू.

गोधडी फळ्यांवर सपाट पडली नाही.

मी पलंगाच्या कडेवर बसले, आणि जिथे ती उचलली गेली होती तिथे हात ठेवला. घड्याळ काढून खाली ठेवलं होतं. हाताखाली ते वर आलं, खाली गेलं. फार वेळाने पुन्हा वर आलं. मी मोजलं नाही. ऑफिसची वेळ होऊन गेली, ऊन सरकून पलंगाच्या पायापाशी आलं, आणि मी बसून राहिले.